सत्तावीस नंबरची पिन

प्रिय चिमटी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ओळखून ते न फोडता खणात टाकलं असशील आणि चार दिवसांनी, घरात कुणी नसताना फोडलं असशील, असं मी धरून चालले आहे. या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे का, ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात करून बघितली तर पत्र भलत्याच बाईला लिहितेय असं वाटायला लागलं. एप्रनच्या खिशात सदा चिमटा घेऊन फिरणारी, तोच चिमटा घेऊन जेवायला बसणारी आणि बिस्किटसुद्धा त्याच चिमट्याने उचलून दाखवणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिलाच लिहितेय.

पत्ता तुझ्या भावाने दिला. त्याचं घड्याळांचं दुकान अजून तिथेच आहे, दुकानातलं स्टूलही तेच, फक्त त्यावर आता उशी आली आहे. मी आत गेले तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "कॉन्व्हेंटबाई ना? एकोणतीस वर्षांनी रस्ता सापडला म्हणायचा." मी म्हटलं, गुडघे दुखतात रे हल्ली. तो म्हणाला, "गुडघे काही एकोणतीस वर्षं दुखत नव्हते." मग त्याने भिंग काढलं, दुरुस्तीच्या चिठ्ठीमागे तुझा पत्ता लिहिला, आणि चिठ्ठी माझ्या हातात न देता तशीच धरून ठेवली. म्हणाला, ताई शाळेत गणित शिकवायची, गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाली, बरी आहे. फक्त अजून कधी कधी वहीच्या मागच्या पानावर ते गोल आणि बाण काढत बसते. विचारलं तर म्हणते, एक चूक राहून गेली होती, ती शोधतेय.

ती चूक कुठे आहे ते मला माहीत आहे, चिमटी. ती तुझ्या गोलांत नाही आणि तुझ्या बाणांतही नाही. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे तू इथेच पत्र बाजूला ठेवलंस तरी एवढं तुझ्यापर्यंत पोचलेलं असेल. बाकीचं सांगायला मला पानं लागतील. आमचे हे मघाशी डोकावून गेले आणि म्हणाले, "एवढ्या वेळात तुझी अख्खी डेटाशीट व्हायची." त्यांना काय सांगू, की आपल्या चिपची डेटाशीट, ते माहितीपत्रक, मी फार लवकर केली होती, तिथेच तर सगळं बिघडलं.

क्रमाने सांगते. चार महिन्यांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. इंजिनिअरिंग कॉलेजात जुन्या यंत्रांचं एक संग्रहालय उभं राहतंय, त्याची व्यवस्था बघते. वयाने माझ्या भाचीएवढी. बॅगेतून तिने मोठे मोठे फोटो काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. आपल्या गटाने मिळून केलेली चिप, गं. वरचं काळं टरफल काढून आतलं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेलं. नखाएवढ्या तुकड्याचा फोटो आमच्या टेबलावर मावेना. मी तर बघतच राहिले. आठ पोर्टांचे, म्हणजे आठ तारा जोडायच्या तोंडांचे, आठ कप्पे, मधे घड्याळाचा भाग, आणि उजव्या कोपऱ्यात तुझा चौकोन. पहिल्या आवृत्तीच्या फोटोत त्या चौकोनाच्या कडेला दोन पायांची एक बारीकशी आकृती होती. बाईने विचारलं, "हे काय आहे? आमच्यातले काही म्हणतात कंपास आहे, काही म्हणतात चिन्ह आहे." मी म्हटलं, चिमटा आहे. "कुणाचा?" म्हणाली. चिपवर कोपऱ्यात काही काढायचं नाही असा आपल्या गटाच्या प्रमुखांचा, पीएचडीवाल्या डॉक्टरांचा, नियम होता, आणि तू तो मोडला होतास, आणि मला कधी सांगितलंही नव्हतंस. दुसऱ्या आवृत्तीच्या फोटोत तो कोपरा कोरा आहे.

तिला चिपचं काम काय ते सोप्या शब्दांत हवं होतं, पाटीवर लिहायला. मी तिला काय सांगितलं असेल ओळख. पहिल्या दिवशी तू मला सांगितलं होतंस तेच. मी शाळेतली नोकरी सोडून आले होते, विज्ञानाची पदवी होती पण असली कामं कधी बघितली नव्हती. तू मला भिंतीवरच्या आलेख कागदासमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "हे बघ कॉन्व्हेंट, संगणकांना एकमेकांशी जोडणारा रिपीटर म्हणजे मोठी मावशी. आठ खोल्यांचं घर आहे आणि मावशी मधल्या चौकात बसलीय. एका खोलीतून कुणी काही बोललं की ती ऐकते आणि उरलेल्या सातही खोल्यांत तेच सांगते. निरोप कुणाला आहे, कशाबद्दल आहे, तिला पडलेलं नाही. साठवून ठेवत नाही, स्वतःचं मीठमसाला घालत नाही. फक्त लांबून येऊन आवाज बसला असेल तर खणखणीत करून सांगते." मी म्हटलं, अशी मावशी मी अजून बघितली नाही. तू म्हणालीस, "म्हणून तर बनवायला लागतेय."

मग दोन खोल्यांतून एकदमच कुणी बोललं तर? तर दोन्ही निरोपांचा चुथडा होतो. अशा वेळी मावशी कुणाचंच सांगत नाही, ताट बडवते. आठही खोल्यांत ऐकू जाईल असं. म्हणजे टक्कर झाली हे घरात प्रत्येकाला कळतं, कुणी गैरसमजात राहत नाही. बोलणारे गप्प होतात, आपापल्या मनात वाटेल तो आकडा मोजतात आणि पुन्हा बोलायला बघतात. दोघांचे आकडे वेगळे निघाले की काम झालं. मला ते ताट बडवणं फार आवडलं होतं. आमच्या शाळेत मदर सुपीरियर वर्गात आल्या की एका वेळी एकच मुलगी बोलायची, दुसरीने तोंड उघडलं तर दोघींना कोपऱ्यात उभं. तुझ्या मावशीच्या घरात शिक्षा नव्हती. टक्कर व्हायचीच, ती झाली की सगळ्यांना सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं, एवढंच.

आणि तुझा चौकोन त्याच्या पुढचा. एखाद्या खोलीत बोलणाऱ्याचंच यंत्र बिघडलं, किंवा तारेच्या टोकाचं टोपण कुणाच्या तरी पायाने निघालं, तर त्या एका तारेवर टकरीमागून टक्कर होत राहते आणि तिच्यापायी सगळं घर ठप्प. म्हणून ओळीने बत्तीस टकरा झाल्या की मावशी त्या खोलीचं दार लावून घेते. तिथून येणारा गोंधळ बाकीच्यांपर्यंत जाऊ देत नाही. पण त्या खोलीत सांगणं मात्र थांबवत नाही. यावरून आपण दोघी एक अख्खी दुपार भांडलो होतो, आठवतंय? माझं म्हणणं, दार लावलं ना, मग आत कशाला बोलायचं, वीज फुकट. तू चिडलीस. म्हणालीस, "अगं, बोलून बघितलं नाही तर तो बरा झाला हे कळणार कसं? एक पूर्ण निरोप टक्कर न होता आत गेला की दार उघडायचं. दार लावणं कुणालाही जमतं. उघडायचं कधी, हे मला नीट बसवायचंय." आणि नीट बसवायला तुला पाच महिने लागले. मावशीची एकेक अवस्था म्हणजे एक गोल, एकीतून दुसरीत जायची वाट म्हणजे बाण, आणि कचऱ्याच्या टोपलीत रोज अशा आलेख कागदांचे बोळे असायचे.

आता जिथे यायला नको वाटत होतं तिथे आले.

मी होते टेस्टिंगमध्ये, डेटाशीट लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या इंग्रजीमुळे आणि अक्षरामुळे. डॉक्टर म्हणाले, "हिच्या हातचा कागद इस्त्री केल्यासारखा असतो." मला ते बोलणं किती दिवस पुरलं काय सांगू. तुझा कागद म्हणजे रणांगण. चहाचे गोल, खोडाखोड, अर्ध्यात सुटलेली वाक्यं. चिपच्या चाळीस पायांचा, म्हणजे पिनांचा, तक्ता तू मला हाताने लिहून दिलास त्यात सत्तावीस नंबर रिकामा होता, कशालाच जोडायचा नाही. अठ्ठावीस नंबर चाचणीची पिन, ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडायचीच, असं तू दोनदा अधोरेखित केलं होतंस. चाचणी लवकर उरकावी म्हणून ती पिन होती. ती जागी झाली की मावशी बत्तीसऐवजी दोनच टकरांत दार लावते, म्हणजे आपला वेळ वाचतो. गिऱ्हाइकाकडे ती कायमची झोपलेली पाहिजे. आणि या दोन ओळींच्या मधे तू पेन्सिलीने एक वाकडा, दोन्हीकडे टोकं असलेला बाण काढला होतास.

तो बाण मी बघितला, चिमटी. मला तो पेन्सिल घसरल्यासारखा वाटला. तुझ्या कागदावर तसल्या रेघा शंभर असायच्या, त्यातली कुठली मोजायची आणि कुठली सोडायची हे मला कळतं असं मी समजत होते. त्या आठवड्यात तू वडिलांच्या आजारपणासाठी घरी होतीस. ठरलेलं असं होतं की तू आल्यावर एकदा नजर टाकायची आणि मग छापायला द्यायचं. छापखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता. तक्ता इतका सुबक झाला होता की मला तो तुला दाखवावासा वाटलाच नाही. तू त्यावर पेन्सिल चालवशील याची भीती वाटली, हे खरं. दिला छापायला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. मोठ्या ग्रंथालयाची तक्रार पहिली आली. सकाळी माणसं येऊन सगळे संगणक एकदम चालू झाले की एकेक पडदा आळीपाळीने मुका होतो, थोड्या वेळाने आपोआप परत येतो. मग आणखी दोन ठिकाणची. धडधाकट खोल्यांची दारं लागत होती. आपल्या चाचणीच्या बाकावर मात्र काही केल्या होत नव्हतं. डॉक्टरांनी बैठक बोलावली त्या दिवशी मी तासभर आधी आले. बाकावर आपला जो बोर्ड होता तो भिंगाखाली धरून बघत बसले, आपल्याकडेच का होत नाही म्हणून. तू स्वतः लावलेली ग्राउंडची बारीक तार सत्तावीसला होती. अठ्ठावीसला नाही. मी खणातून तुझा कागद काढला आणि तो बाण पुन्हा बघितला. आराखडा बदलताना दोन पिनांची अदलाबदल झाली होती आणि तू ती एका बाणाने सांगितली होतीस. मी जगभरच्या लोकांना चाचणीची पिन मोकळी सोडायला सांगून बसले होते. मोकळी पिन हवेवर डोलते. चिप बसवलेल्या कुठल्या डब्यात झोपून राहते, कुठल्या डब्यात जागी होते.

बैठकीला पंधरा मिनिटं होती. मी कागद घडी घालून परत खणात ठेवला.

मी घाबरले असं लिहिलं तर ते तितकंसं खरं होणार नाही. डॉक्टर ओरडणारे नव्हते, नोकरी गेली नसती. मला लाज वाटली. शाळेत दहा वर्षं ओळीने सुवाच्य अक्षराचं बक्षीस घेतलेली मुलगी मी. माझ्या वहीवर लाल शाई कधी उमटली नव्हती. सगळ्यांच्या देखत तो इस्त्रीचा कागद चुकीचा आहे म्हणून सांगायचं, हे माझ्या जिभेवर येईना. डॉक्टरांनी विचारलं, "टेस्टिंगचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "सगळ्या चाचण्या पास आहेत." तेवढं वाक्य खरंच होतं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे लॉजिकमध्ये कुठला तरी कोपरा राहिलाय." तू माझ्याकडे बघितलंस. मी पेन्सिलींना टोकं करत होते. मग तू म्हणालीस, "असेल. मी शोधते."

आणि तू शोधत राहिलीस. सात आठवडे. माझ्या शेजारच्या टेबलावर. रोज दुपारी आलेख कागद माझ्यापुढे सरकवून म्हणायचीस, "एकदा तू बघ गं, माझी नजर मेलीय आता." आणि मी बघायची. बरोबर असलेली आकृती मी रोज पाच-दहा मिनिटं बघायची आणि मलाही काही सापडत नाही म्हणून मान हलवायची. त्या बैठकीतल्या गप्प बसण्याला मी वर्षानुवर्षं काही ना काही कारण शोधलं, पण या मान हलवण्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही. तुझ्या चिपला जे एक काम मुळातच येत होतं, टक्कर झाली की सगळ्या खोल्यांना कळवायचं, ते मला जमलं नाही.

आठव्या आठवड्यात तू राजीनामा दिलास. चौकोन नव्या माणसाला मिळाला, त्याने तो पुन्हा लिहिला. त्याच सुमारास मी डेटाशीटची सुधारित आवृत्ती काढली आणि दोन ओळींची अदलाबदल केली, कुणाला काही न बोलता. नव्या चिपचे नवे डबे गेले आणि तक्रारी थांबल्या. सगळे म्हणाले, बघा, लॉजिकच होतं. नव्या माणसाला टाळ्या मिळाल्या, मीही वाजवल्या. तुला दोनदा पत्र लिहायला बसले होते. पहिल्याच ओळीत तब्येतीची चौकशी केली आणि पुढे हात चालेना. मग वर्षं गेली. मुलं मोठी झाली, आमच्या ह्यांचं बायपास झालं, मी नोकरी संपवली, आणि मी मनाची समजूत घातली की तू कधीच विसरून गेली असशील. पत्ता मागायला नव्हे, ही समजूत पक्की करून घ्यायलाच खरं तर तुझ्या भावाकडे गेले होते. वहीच्या मागच्या पानाचं त्याने सांगितलं आणि मी त्या उशी घातलेल्या स्टुलावर टेकले.

संग्रहालयवालीने पाटीचा कच्चा मजकूर मला तपासायला दिला होता. त्यात एक ओळ होती, की पहिल्या आवृत्तीत दार लावण्याचा भाग सदोष होता, दुसऱ्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. खाली माझी सही हवी होती, त्या काळातली जाणकार म्हणून. भावाकडून आल्यावर मी तिला फोन केला आणि म्हटलं, सहीचं नंतर बघू, आधी तुमच्या गोदामात पहिल्या लॉटचा एखादा डबा आहे का ते सांगा.

होता. गुरुवारी त्यांचं गोदाम उघडं असतं. मी अकराला गेले, डोळ्यांवर वाचायचा चष्मा आणि त्यावर भिंग. सोल्डर करायची तापती सळी वीस वर्षांत हातात धरली नव्हती, दोनदा बोटं बदलून धरून बघितली. बाई म्हणाली, "मी करू का?" मी म्हटलं, नको, हे माझंच आहे. आधी डबा होता तसा चालवला. तिने दोन जुने संगणक आणि तारांची वेटोळी आणून दिली होती, मोजायचं यंत्रही कुठूनसं काढलं. पाचव्या तारेच्या टोकाचं टोपण काढलं. टकरा सुरू झाल्या आणि दोनच टकरांत दार बंद. पुन्हा केलं, या वेळी बत्तीसला बंद. पुन्हा केलं, दोनला. नुसता माझा हात जवळ नेला तरी ती पिन आपलं मत बदलत होती. मग मी केसाएवढी तार घेतली आणि सत्तावीसला ग्राउंड दिलं. एकोणतीस वर्षांनी, पाच मिनिटांचं काम.

चिमटी, मग मी तुझा चौकोन चालताना बघितला. तीन गुरुवार बघितला. एकतीस टकरांपर्यंत दार उघडं, बत्तिसाव्याला बंद. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. बाकीच्या सात तारांवर काम बिनघोर चालू. आणि बंद दाराआड ती सांगत होती, प्रत्येक निरोप, आत कुणी नसताना. टोपण परत बसवलं. पुढचा एक पूर्ण निरोप टक्कर न होता आत गेला आणि दार उघडलं. पाचवा दिवा लागला. बाईने टाळी वाजवली. मी तिला म्हटलं, आणखी एकदा करू या. आम्ही चारशे वेळा केलं, तिने कागदावर रेघा मारून मोजलं. चारशेही वेळा उघडलं. तुझा एकही बाण चुकलेला नव्हता. नवा माणूस जे लिहून गेला तेही मी शेजारी लावून बघितलं. ते चालतं, पण त्यात तुझ्यापेक्षा दुप्पट गोल आहेत.

त्या चारशे वेळांत मी रडले नाही, तू समजतेस तशी मी हळवी राहिलेली नाही. बस आली तेव्हा मात्र मी बसमध्ये चढायची विसरले.

मग मी तुला लिहायच्या आधी बाकी सगळ्यांना लिहिलं. डॉक्टरांना, नव्या माणसाला, टेस्टिंगमधल्या दोघींना, ज्यांचे पत्ते मिळाले त्या नऊ जणांना. एकच मजकूर, पिन नंबर, तारीख, बाण, माझं नाव. सोबत तुझ्या त्या कागदाची प्रत. तो मी जपून ठेवला होता, का ठेवला होता विचारू नकोस. तुला शेवटी लिहितेय, कारण तू माफ करशील या आशेवर मी ते सांगितलं असं व्हायला नको होतं. तू हे पत्र फाडलंस तरी ते सगळे खरं काय ते जाणतात. डॉक्टर आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी फोन केला. आधी पिनेचा नंबर माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. मग म्हणाले, "मीही एकदा उठून पिन बघायला हवी होती. तिला म्हटलं शोध, आणि मी खुर्चीतच बसून राहिलो." मग म्हणाले, "तो चिमटा मी तेव्हाच बघितला होता. काढायला सांगावंसं वाटलं नाही." टेस्टिंगमधली उंच मुलगी, तिने पोस्टकार्डावर एकच ओळ पाठवली आहे, की कॉन्व्हेंट, तुझा मला राग आलाय, चिमटीचा पत्ता दे. दिला नाही. तू म्हणशील तर देईन. नवा माणूस सगळ्यात भला निघाला. म्हणाला, मला त्या वेळीही तिच्या आकृतीत काही सापडलं नव्हतं, म्हणून मी सगळीच नव्याने लिहिली, आता फार हलकं वाटतंय.

तेव्हा वहीच्या मागच्या पानावर तुला काढायचेच असले तर गोल काढ, पण चूक शोधू नकोस. ती तिथे कधीच नव्हती.

आणि हे पत्र आजच का, ते सांगून संपवते. पाटीचा नवा मजकूर मी लिहिला आणि बाईने मान्य केला. त्यात म्हटलं आहे की दार लावण्या-उघडण्याचा भाग पहिल्या आवृत्तीपासून निर्दोष होता, दोष माहितीपत्रकातल्या पिनांच्या तक्त्यात होता, आणि तक्ता तयार करणारीच्या जागी माझं पूर्ण नाव आहे. पहिल्या आवृत्तीचा फोटो वर आहे, चिमट्यासकट. फक्त एक जागा कोरी आहे, "रचना" या शब्दापुढची. तुझं तेव्हाचं नाव मला पाठ आहे, पण तुझ्या भावाने चिठ्ठीवर लिहिलंय त्यात आडनाव वेगळं आहे, आणि तू स्वतःला कोणत्या नावाने ओळखतेस हे मला ठरवता येणार नाही. कदाचित तुला नाव नकोच असेल, तेही तू सांगायचंस. पाटी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला छापायला जायची होती. मी बाईला सांगितलंय, थांबायला लागेल, एक तक्ता मी तिला न दाखवता छापायला दिला होता, हा देणार नाही. ती म्हणाली, किती थांबायचं? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. गुरुवारी अकरानंतर मी गोदामात असते, तिथला फोन पाठीमागे लिहिला आहे. मला न भेटता परस्पर तिला कळवलंस तरी चालेल. कार्डावर नुसतं नाव लिहून पाठवलंस, खाली एक अक्षरही नसलं, तरी ते त्या जागेवर जाईल. तोवर ती जागा कोरी आहे आणि मी वाट बघते आहे.

तुझीच,
कॉन्व्हेंट